न्यूझीलंडमधल्या घोड्यांच्या नांगरणी स्पर्धा: कँटरबरी आणि ओटागोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एकोणिसाव्या शतकात दर हिवाळ्यात नांगरणीच्या स्पर्धा भरत. घोड्यांच्या जोड्या, लोखंडी नांगर, चिखलात उभी असलेली दोनचारशे माणसं आणि सगळ्यांची नजर मातीवर. शेती, घोडे किंवा वसाहतींचा इतिहास यांत रस असलेले वाचक या स्पर्धांबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे घेतले आहेत.

नांगरणी स्पर्धा म्हणजे नांगर घेऊन पळायची शर्यत का?

नाही. वेगाला इथे गुण नसत. ठरलेल्या वेळेत काम संपलं पाहिजे एवढीच अट, आणि ती वेळही ऐसपैस असे. गुण मिळत ते नांगरून झालेल्या रानाला. तास, म्हणजे नांगराने पडलेली ओळ, किती सरळ आहे, माती कशी उलटली आहे, गवत पूर्ण गाडलं गेलं का, शेवट किती स्वच्छ झाला, हे पाहून निकाल लागे. घाई केलेला नांगऱ्या बहुतेक वेळा हरायचाच.

ही नेमकी कुठली आणि कधीची गोष्ट आहे?

मुख्यतः कँटरबरीचं मैदान आणि त्याच्या दक्षिणेचा ओटागो प्रांत. ओटागोत 1848 मध्ये स्कॉटिश वसाहतकरी आले आणि त्यांनी डनेडिन शहर वसवलं. कँटरबरीच्या संघटित वसाहतीची पहिली जहाजं डिसेंबर 1850 मध्ये लिटलटन बंदराला लागली. पण त्याआधीच, 1843 मध्ये, विल्यम आणि जॉन डीन्स हे स्कॉटिश भाऊ आजच्या ख्राइस्टचर्चमधल्या रिकार्टनला येऊन शेती करू लागले होते. स्पर्धांचा भरभराटीचा काळ म्हणजे साधारण 1860 ते पहिल्या महायुद्धापर्यंतचा.

देशात नांगर त्याच्याही आधी आला होता. 3 मे 1820 रोजी उत्तर बेटावर केरीकेरी इथे जॉन बटलर या मिशनऱ्याने सहा बैल जुंपून पहिल्यांदा नांगर धरला. तेव्हा नांगर ओढायला बैल होते. घोड्यांचं राज्य पुढे आलं.

स्पर्धेची कल्पना आली कुठून?

स्कॉटलंडमधून. तिथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्विकशायरच्या जेम्स स्मॉल यांनी नांगराला नवा आकार दिला. माती उलटवणारा पत्रा त्यांनी हिशोबाने वळवला आणि नांगर ओढायला हलका झाला. जिथे आधी बैलांची आणि घोड्यांची लांबलचक रांग जुंपावी लागे, तिथे आता दोन घोडे आणि एक माणूस पुरू लागला. घोडे हाकायला वेगळा पोऱ्या लागेना. एकाच माणसाच्या हाती नांगर आणि लगाम दोन्ही आल्यावर त्याच्या कौशल्याची तुलना करणं सोपं झालं. 1784 मध्ये स्थापन झालेली हायलँड सोसायटी गावोगावच्या स्पर्धांना पदकं देई. हे सगळं पाहत वाढलेले शेतमजूर आणि शेतकरी ओटागोत उतरले, तेव्हा ते ही रीत बरोबर घेऊनच आले. कँटरबरीतली वस्ती जास्त इंग्लिश होती. पण इंग्लंडातही नांगरणीच्या स्पर्धा होत्याच, त्यामुळे तिथेही त्या सहज रुजल्या. कँटरबरीत 1863 मध्ये कृषी आणि पशुपालन संघटना उभी राहिली. अशा संघटना आणि गावातल्या समित्या मिळून स्पर्धा भरवत.

स्पर्धा हिवाळ्यातच का?

तिकडचा हिवाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. गव्हाची आणि ओटची काढणी उन्हाळ्याच्या शेवटी उरकलेली असे, रानात धसकटं उभी असत आणि वसंतातल्या पेरणीसाठी नांगरट हाच मुख्य उद्योग असे. घोडे कामाला सरावलेले, माणसांचे हात बसलेले. जमिनीत ओलही असे. वाफसा नसलेल्या रानात कितीही निष्णात माणूस सुबक नांगरट करू शकत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पावसाने रान चिकट झालं किंवा कडक थंडीने वरचा थर गोठला तर स्पर्धा पुढे ढकलावी लागे.

स्पर्धेच्या दिवशी काय काय व्हायचं?

पहाटे अंधारातच तबेल्यांत कंदील लागत. घोड्यांना चंदी, मग खरारा, मग शेपट्या आणि आयाळी विंचरून रंगीत फितींनी गुंफणं, साजावरचं पितळ घासून चकचकीत करणं. लांबून येणारे नांगरे आदल्या दिवशीच निघत. नांगर गाडीत, घोडे हातात धरून, शेजारच्या एखाद्या तबेल्यात मुक्काम.

शेत कोणा शेतकऱ्याने दिलेलं असे. त्यात सारख्या मापाचे तुकडे आखून खुंट्या ठोकलेल्या असत. तुकडा साधारण अर्ध्या एकराचा. कोणाला कुठला तुकडा ते चिठ्ठी टाकून ठरे, कारण एकाच शेतात एका टोकाला दगड आणि दुसऱ्या टोकाला लोण्यासारखी माती असू शकते. सकाळी इशारा झाला की सगळ्या जोड्या एकदम चालू पडत.

मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत आवडणारी गोष्ट परीक्षकांची आहे. ते बहुधा शेजारच्या भागातून बोलावलेले अनुभवी शेतकरी असत आणि नांगरणी चालू असताना त्यांना शेतापासून लांब ठेवलं जाई. नांगरे आपापल्या जोड्या घेऊन बाजूला झाले की मग परीक्षक येत. त्यांना फक्त तुकड्याचा क्रमांक आणि माती दिसे. कोण कोणाचा गडी, कोणाचा मालक किती मोठा, कोणाची जोडी किती देखणी, यातलं काही निकालात येऊ नये म्हणून ही काळजी. निकालावर भांडणं तरीही होत आणि वर्तमानपत्रांत पत्रंही छापून येत, पण नियम बनवणाऱ्यांची नियत चोख होती.

दुपारी तंबूत जेवण. संध्याकाळी गावातल्या हॉटेलात मेजवानी, बक्षिसं, भाषणं, राणीच्या आणि नांगऱ्यांच्या नावाने पेले उंचावणं.

परीक्षक नांगरलेल्या मातीत नेमकं काय बघत?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सुरुवात होते पहिल्या तासापासून. तुकड्याच्या मध्यावर ओळीने काठ्या रोवायच्या, दोन घोड्यांच्या मधून पलीकडच्या काठीवर नजर ठेवायची आणि चालायचं. खाली बघितलं की तास वाकलाच. हा पहिला तास वाकडा गेला तर पुढचा प्रत्येक तास त्याचाच वाक घेऊन येतो आणि दिवसभर तो लपवता येत नाही. म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे जाई. पहिल्यांदा माती दोन्ही बाजूंना बाहेर टाकायची, मग दोन्हीकडून आत ओढून मधोमध एक भरीव उंचवटा बांधायचा. या उंचवट्याला स्वतंत्र गुण असत आणि अनेक ठिकाणी स्वतंत्र बक्षीसही.

त्यानंतर त्या उंचवट्याभोवती फेऱ्या घेत जायचं. जाताना एका बाजूला तास, येताना दुसऱ्या बाजूला. नांगराचं उभं पातं गवताचा थर कापतं, खालचा फाळ माती तळातून सोडवतो आणि वळणदार पत्रा ती उचलून पालथी घालतो. अशी उलटलेली मातीची एकेक पट्टी आधीच्या पट्टीला टेकून बसली पाहिजे. सगळ्या पट्ट्या एका उंचीच्या, एका रुंदीच्या, मध्ये पोकळी नको, गवताचं एक पातंही वर डोकावायला नको. परीक्षक पट्टीवर पाय देऊन ती घट्ट बसली आहे का ते बघत आणि खोली मोजत.

यामागे साधी भूमिती आहे. पट्टीची रुंदी आणि खोली साधारण दहाला सात अशा प्रमाणात असली की ती पंचेचाळीस अंशांवर टेकते. दहा इंच रुंद कापलं तर सात इंच खोल. मग वर दोन कड्यांमध्ये सारख्या अंतराच्या खाचा तयार होतात. त्या काळी बी हाताने फोकत. फोकलेलं बी घरंगळत या खाचांमध्ये पडे, वरून दाताळं फिरवलं की कडा मोडून ते झाकलं जाई, आणि पीक जणू ओळीत पेरल्यासारखं उगवे. म्हणजे ज्या सरळपणाला गुण मिळत, त्याचा थेट संबंध उगवणीशी होता.

शेवटी येतो तो समारोपाचा तास. शेजारच्याची नांगरट आणि आपली नांगरट यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरते, ती दोन्ही टोकांना सारख्याच रुंदीची उरली पाहिजे. एका टोकाला हातभर आणि दुसऱ्या टोकाला वीतभर उरली तर शेवट पाचरीसारखा होतो आणि तो सावरता येत नाही. म्हणून हुशार नांगरे मध्येच थांबून काठीने उरलेली जागा मोजत आणि पुढच्या काही तासांत चुकलेलं माप हळूहळू भरून काढत. शेवटचा चर अरुंद, उथळ आणि स्वच्छ हवा. दोन्ही टोकांच्या धुऱ्यावर नांगर कुठे आत शिरला आणि कुठे बाहेर निघाला, याही जागा एका रेषेत हव्यात.

स्पर्धेतली नांगरट खऱ्या शेतीला उपयोगी होती का, की नुसती दिखाऊ?

हा वाद त्या काळातही जोरात होता आणि मला तो फार खरा वाटतो. उंच, टोकदार कडा दिसायला सुंदर दिसतात. त्या मिळवण्यासाठी काही नांगरे फाळ आणि पातं असं बसवत की माती तिरकी कापली जाई. वरून रान रेखीव दिसे, पण खाली तळाशी प्रत्येक दोन तासांमध्ये न कापलेल्या मातीचा कणा राही. तण तिथूनच पुन्हा वर येई. जाणत्या शेतकऱ्यांनी यावर सडकून टीका केली. मग काही परीक्षक वरची माती बाजूला सारून तळ सपाट आहे की नाही ते पाहू लागले. माझ्या मते स्पर्धांचं भलं त्यांनीच केलं.

पुढे पेरणीयंत्रं सर्रास झाली आणि फोकून पेरणं मागे पडलं. कड्यांची मूळ गरज संपली, गुणपत्रिकेत मात्र त्या बरीच वर्षं राहिल्या. तरी सरळ तास, एकसारखी खोली आणि पूर्ण गाडलेलं गवत यांचं मोल पेरणीयंत्रानेही कमी झालं नाही.

घोडे कोणत्या जातीचे असत?

अवजड कामाचे, मुख्यतः क्लाइड्सडेल. ही जात स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरमधली, क्लाइड नदीच्या खोऱ्यातली. सोळा ते अठरा हात उंची (घोडा मोजायचा हात म्हणजे चार इंच), वजन सातशे ते नऊशे किलो किंवा त्याहून अधिक, आणि गुडघ्याखाली झुपकेदार केस. पाय उचलून टाकायची ढब मोठी आणि स्वभाव शांत, म्हणून नांगराला उत्तम. ओटागोत स्कॉटिश वस्ती असल्याने ही जात तिथे लवकर आली आणि देशभर पसरली. न्यूझीलंडमधली क्लाइड्सडेल पाळणाऱ्यांची संस्था 1911 मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षीच्या गणतीत देशात चार लाखांहून अधिक घोडे होते, आणि हाच तिथला उच्चांक.

जोडीतला एक घोडा नांगरलेल्या तासात चालतो आणि दुसरा न नांगरलेल्या रानावर. तासातला घोडा बहुतेक अनुभवी असे, कारण त्याने भिंतीला धरून चालावं तसं चाललं की निम्मं काम झालं.

बैल सोडून घोडे का घेतले?

सुरुवातीला बैलच होते. कँटरबरीतलं झुबकेदार गवत, दलदल, फ्लॅक्स या दलदलीतल्या रोपाची चिवट मुळं असं कोरं रान पहिल्यांदा फोडायला बैलांची संथ ताकद बरी पडे. रान एकदा माणसाळलं की घोडा सरस. तो झपाट्याने चालतो, वळताना कमी वेळ घेतो आणि त्याच दिवशी गाडीलाही जुंपता येतो. पण त्याला ओट लागतात. नुसत्या गवतावर तो नांगर ओढू शकत नाही. त्यामुळे शेतातला मोठा भाग घोड्यांच्या पोटासाठीच पिकवावा लागे, आणि 1861 मध्ये ओटागोतल्या गॅब्रिएल्स गली इथे सोनं सापडल्यावर खाणींकडे जाणाऱ्या वाहतुकीच्या घोड्यांनाही ओट हवे झाले. ओटागोच्या शेतकऱ्याला घरच्या दारात बाजार मिळाला.

एक एकर नांगरायला किती चालावं लागे?

हिशोब सोपा आहे. नऊ इंचाचा तास धरला तर एका एकराला सुमारे 11 मैल, म्हणजे जवळपास 18 किलोमीटर. धुऱ्यावर वळताना होणारं चालणं वेगळं. एक माणूस, दोन घोडे आणि एकफाळी नांगर यांचं दिवसाचं काम साधारण एक एकर मानलं जाई. चिखल चिकटलेले जड बूट, एक पाय तासात, हातात सतत थरथरणारी रुमणी, आणि तरीही तास सरळ. नवख्याच्या हातात हा नांगर दहा पावलंही नीट चालत नाही, कारण हा स्विंग नांगर, म्हणजे त्याला चाक नसतं. खोली आणि तोल दोन्ही माणसाच्या मनगटावर.

नांगर विलायतेहून येत की तिथेच बनत?

आधी विलायतेहून, मग झपाट्याने स्थानिक. ओटागोत रीड अँड ग्रे, ख्राइस्टचर्चला पी. अँड डी. डंकन आणि बूथ मॅकडोनाल्ड ही कारखान्यांची नावं शेतकऱ्यांच्या तोंडी असत. कँटरबरीच्या दगडगोट्यांच्या जमिनीत परदेशी फाळ टिकत नसत. स्थानिक लोहाराला ते दुरुस्त करता करता कळे की काय बदलायला हवं. स्पर्धा ही कारखान्यांची जाहिरातही होती. कोणत्या स्पर्धेत आपल्या नांगराने पहिला नंबर मिळवला, हे वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापलं जाई.

1870 च्या दशकात दुफाळी नांगर आला आणि चित्र पालटलं. तीन घोडे, एक माणूस, एकाच वेळी दोन तास. आधी त्याच कामाला दोन माणसं आणि चार घोडे लागत. लगेच स्पर्धांमध्ये दुफाळी नांगरांचा वेगळा गट सुरू झाला. शेतकऱ्याचा खर्च वाचला. नांगऱ्याच्या दृष्टीने मात्र प्रत्येक दुफाळी नांगर म्हणजे एका माणसाचं काम कमी.

भाग घेणारे लोक कोण असत? जमीनदार की मजूर?

शेतकरी, त्यांची मुलं आणि मोठ्या संख्येने पगारी गडी. या स्पर्धांबद्दल मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. त्या काळच्या शेतमजुराचं नाव कुठे छापून येई? बहुतेक कुठेच नाही. जमिनीच्या कागदांवर मालकाचं नाव, गव्हाच्या पोत्यांवर मालकाचं नाव, शर्यतीच्या घोड्यामागेही मालकाचं. नांगरणी स्पर्धेच्या बातमीत मात्र आधी नांगऱ्याचं नाव येई, आणि मालकाचं नाव नंतर, कंसात किंवा त्याच ओळीत मागे. गावाने, मालकाने, परक्या परीक्षकाने उघड्यावर मान्य केलेलं असे की या माणसाचं काम पहिल्या प्रतीचं आहे.

त्याचा व्यवहारातही उपयोग होता. 1870 च्या दशकात नांगऱ्याला साधारणपणे आठवड्याला एक पौंड किंवा थोडं जास्त आणि वर जेवण मिळे. पहिलं बक्षीस अनेकदा काही आठवड्यांच्या पगाराइतकं असे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जिंकलेल्या माणसाला चांगला मालक निवडता येई. पदक हे त्याचं प्रमाणपत्र होतं, आणि हंगाम संपला की एका शेतावरून दुसऱ्या शेतावर काम शोधत जाणाऱ्या माणसाला अशा प्रमाणपत्राची किंमत कळते. अनेकांची धडपड होती ती पैसे साठवून स्वतःची थोडी जमीन घ्यायची. काहींना ते जमलं, पुष्कळांना नाही. कँटरबरीत सरकारी जमिनीचा दर दीर्घकाळ एकरी दोन पौंड होता आणि मोठ्या जहागिरींनी चांगली राने आधीच अडवलेली होती.

वयानुसार गट असत. पोरसवदा मुलांचा वेगळा, जुन्या विजेत्यांचा वेगळा. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बापाच्या शेजारच्या तुकड्यात उभा राहून शिकत असे. शेतीशाळा नसलेल्या मुलखात हीच त्याची शाळा.

सर्वांत मोठं कुटुंब असलेल्या नांगऱ्यालाही बक्षीस असे, हे खरं आहे का?

हो. मुख्य बक्षिसांबरोबर गावातले दुकानदार खास बक्षिसं ठेवत. सर्वांत लांबून आलेला, वयाने सर्वांत मोठा, सर्वांत लहान, ज्याला सर्वाधिक मुलं आहेत तो, ज्याची जोडी सर्वांत उत्तम राखलेली आहे तो. बक्षीस म्हणून बूट, टोपी, चाबूक, चहा किंवा पिठाचं पोतं. हिवाळ्यात घरात दहा तोंडं असलेल्या माणसाला पिठाचं पोतं पदकापेक्षा कमी नव्हतं.

स्त्रियांचा यात काय वाटा होता?

नांगराच्या रुमण्यावर त्या काळी स्त्रिया नसत. पण शेकडो माणसांचं गरम जेवण त्यांच्याच हातचं. आज न्यूझीलंडमध्ये आणि इतर देशांतही स्त्रिया नांगरणी स्पर्धांमध्ये उतरतात.

ज्या जमिनीवर या स्पर्धा होत, ती मुळात कोणाची होती?

माओरींची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची. दक्षिण बेटाचा बहुतांश भाग नाई ताहू या इवीचा, म्हणजे माओरी जनसमूहाचा होता. 1848 मध्ये केम्प करार झाला. त्यात सुमारे दोन कोटी एकर जमीन अवघ्या दोन हजार पौंडांत ब्रिटिश राजसत्तेने घेतली. लोकांसाठी पुरेशी जमीन राखून ठेवू, त्यांच्या अन्न गोळा करण्याच्या जागा अबाधित ठेवू, ही आश्वासनं पाळली गेली नाहीत. ज्या दलदली वसाहतकऱ्यांनी चर खणून कोरड्या केल्या आणि अभिमानाने नांगरल्या, त्या ईल मासे, पाणपक्षी आणि फ्लॅक्स देणाऱ्या जागा होत्या. नाई ताहूंनी दीडशे वर्षं हा दावा लढवला. 1998 मध्ये कायदा होऊन सरकारने माफी मागितली आणि भरपाई दिली. नांगऱ्याचं कौशल्य खरं होतं आणि हा अन्यायही तितकाच खरा होता. स्पर्धांचा इतिहास सांगताना दुसरी बाजू गाळणं मला मान्य नाही.

नांगर ही फक्त वसाहतकऱ्यांची गोष्ट होती असंही समजू नये. उत्तर बेटावर वायकाटो भागात 1840 आणि 1850 च्या दशकांत माओरी शेतकरी गहू पिकवत, त्यांच्या स्वतःच्या पिठाच्या गिरण्या होत्या आणि ऑकलंडला धान्य जाई. 1863 मध्ये ब्रिटिश सैन्य घुसलं आणि ही भरभराट मोडली. जमीन जप्त झाली.

आणि उत्तर बेटावरच्याच तारानाकी भागातला 1879 चा प्रसंग तर प्रत्येकाने वाचावा असा आहे. जप्त केलेल्या जमिनीची मोजणी सुरू झाली, तेव्हा पारिहाका गावचे नेते ते फिती ओ रोंगोमाई आणि तोहू काकाही यांनी हत्यार न उचलता आपली माणसं नांगर घेऊन पाठवली. गोऱ्या शेतकऱ्यांच्या ताब्यातल्या रानात ती शांतपणे नांगरू लागली. जमीन आमची आहे, हे तासांनी लिहून दाखवलं. एकाला पकडलं की दुसरा नांगर धरी. सुमारे दोनशे जण पकडले गेले आणि अनेकांना खटला न चालवता दक्षिण बेटावरच्या तुरुंगांत ठेवलं, डनेडिनमध्येसुद्धा. 5 नोव्हेंबर 1881 रोजी सैन्याने पारिहाका गावात प्रवेश केला. गावकऱ्यांनी प्रतिकार केला नाही, मुलं गाणी म्हणत पुढे आली. ज्या वर्षांत ओटागोच्या शेतांत सरळ तासाला पदकं मिळत होती, त्याच वर्षांत सरळ तास घातला म्हणून माणसं डनेडिनच्या तुरुंगात होती.

इतकी नांगरट जमिनीला मानवली का?

सगळीकडे नाही. 1870 आणि 1880 च्या दशकांत कँटरबरीत गव्हाची लाट आली आणि काही मोठ्या शेतांवर वर्षानुवर्षं गव्हावर गहू घेतला गेला. हलक्या जमिनी थकल्या. त्यातच वायव्येकडून येणारा कोरडा, तापलेला वारा बारीक झालेली माती उडवून नेई. पुढे झाडांचे दाट पट्टे लावावे लागले, ते आजही मैदानावर दिसतात. 1882 मध्ये डनेडिनजवळच्या पोर्ट चामर्सहून गोठवलेल्या मांसाचं पहिलं जहाज इंग्लंडला गेलं. मग मेंढरांना भाव आला आणि गहू, सलगम, गवत अशी फेरपालट वाढली. फेरपालटीत नांगर लागतोच, पण जमिनीला उसंत मिळते.

ऑस्ट्रेलियातही अशा स्पर्धा होत्या का?

होत्या, आणि तिथल्या मातीने वेगळाच नांगर जन्माला घातला. दक्षिण ऑस्ट्रेलियात यॉर्क द्वीपकल्पावर मॅली झुडपांची बुंधं जमिनीत राहून जात आणि फाळ मोडत. 1876 मध्ये रिचर्ड बॉयर स्मिथ यांनी बुंध्यावर आदळताच आपोआप वर उचलला जाऊन पुन्हा जमिनीत शिरणारा नांगर तयार केला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आपल्याकडच्या शंकरपटाशी किंवा बैलगाडा शर्यतीशी याची तुलना करता येईल का?

गर्दी, जनावराची निगा आणि गावाची इभ्रत, एवढ्यापुरती. आपला पट वेगाचा आहे. तिकडची स्पर्धा कामाची होती. महाराष्ट्राशी थेट धागा नाही, पण काळ जवळचा आहे. कँटरबरीत लोखंडी नांगर घराघरांत पोचले होते, तेव्हा आपल्याकडे लाकडी नांगरच चाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटे आणि पहिले नांगर खपायला बराच काळ गेला. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, त्यानंतर हे नांगर गावोगाव गेले. अशा वेळी शेजारच्याच्या रानात सगळ्यांदेखत नांगर चालवून दाखवणं हा शंका फेडण्याचा उत्तम उपाय असतो, आणि तिकडच्या स्पर्धा नेमकं तेच करत.

घोड्यांच्या स्पर्धा बंद कधी पडल्या?

हळूहळू. पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडमधून दहा हजारांहून अधिक घोडे परदेशी गेले आणि त्यांतले चारच परतले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ट्रॅक्टर वाढले, दुसऱ्या महायुद्धानंतर हलके आणि परवडणारे ट्रॅक्टर आल्यावर घोडा शेतातून गेला. स्पर्धा मात्र ट्रॅक्टरवर चालू राहिल्या. 1953 मध्ये कॅनडातल्या कोबर्ग इथे पहिली जागतिक नांगरणी स्पर्धा झाली. न्यूझीलंडने ती चार वेळा भरवली आहे. त्यातली 1994 ची डनेडिनजवळ आणि 2010 ची कँटरबरीतल्या मेथवेनला झाली.

त्या काळच्या बातम्या मुळातून वाचता येतील का?

येतील, घरबसल्या आणि फुकट. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पेपर्स पास्ट या संकेतस्थळावर ओटागो विटनेस, लिटलटन टाइम्स, द प्रेस यांचे जुने अंक आहेत. इंग्रजीत नांगरणी स्पर्धा आणि एखाद्या गावाचं नाव टाकून शोधा. तायेरी, टोकोमाइरिरो, अ‍ॅशबर्टन ही नावं घेऊन सुरुवात करा. जून ते ऑगस्टचे अंक निवडलेत तर लवकर सापडेल.

आज घोड्यांची नांगरणी प्रत्यक्ष कुठे बघता येईल?

न्यूझीलंडच्या राष्ट्रीय नांगरणी स्पर्धेत ट्रॅक्टरच्या गटांबरोबर घोड्यांचा गटही असतो. ती दरवर्षी वेगळ्या ठिकाणी, बहुधा एप्रिलच्या सुमारास होते. तिथे राहणारे मराठी लोक आता बरेच आहेत. ज्यांना शेतीची ओढ आहे त्यांनी मुलांना घेऊन अवश्य जावं. गमबूट घाला. नांगरलेल्या तुकड्यांवर पाय देऊ नका, निकाल लागेपर्यंत तर मुळीच नाही. घोड्यांच्या मागून जवळ जाऊ नका. नांगऱ्या तासात असताना त्याला हाक मारू नका, तो काठीवर नजर लावून असतो. जेवणाच्या सुट्टीत मात्र खुशाल विचारा. फाळ कसा बसवला, आज ओल कशी आहे, तासात कुठला घोडा चालतो, हे सगळं ते मनापासून सांगतात.